नानांच्या मॅसी ३५ ची लिफ्ट, कामाच्या नोंदी

६ एप्रिल

नानांचा मॅसी ३५ (मॅसी फर्ग्युसन कंपनीचा ट्रॅक्टर) यंदा परत शेतात उतरवायचं ठरलंय. ट्रॅक्टर खिडकाळीच्या पुढे जुन्या घराच्या पडवीला लागून पत्र्याखाली उभा असतो, आरसी बुकात १९६९ लिहिलंय, इंजिन सिम्पसनचं तीन सिलेंडर आणि ते आजही सेल्फ मारला की लगेच धरतं, त्यामुळे इंजिनाला हात लावायचा प्रश्नच नाही. दुखणं फक्त हायड्रॉलिकचं, म्हणजे तेलाच्या दाबावर मागची अवजारं उचलणाऱ्या लिफ्टचं. गेल्या पावसाळ्यात चिखलणीला लिफ्टने इतकं छळलं की नानांनी ट्रॅक्टर बाजूला लावला आणि शिळहून भाड्याचा ट्रॅक्टर आणून तासाचे पैसे मोजले. घरचा ट्रॅक्टर दारात उभा असताना दुसऱ्याची वाट बघत बसायचं, तोवर आवण (लावणीची भातरोपं) पिवळं पडायला लागतं, हे नानांना फार लागलं. यंदा मृगाच्या आधी लिफ्ट नीट झाली पाहिजे.

आज पाना हातात घेतला नाही, फक्त लक्षणं लिहून घेतली. मागे नऊ दात्यांचा कल्टिव्हेटर लावला. थंड असताना उचलतो पण सावकाश, आणि उचलून झाल्यावर स्थिर राहत नाही, लिफ्टचे हात इंच दीड इंच खाली येतात की परत वर जातात, परत खाली, असं चालूच. खालच्या खाचरात अर्धा तास फिरवून तेल तापू दिलं तर कल्टिव्हेटर निम्म्यापर्यंतच येतो आणि तिथेच कुथत राहतो. इंजिन बंद केलं की पंधरा वीस सेकंदात सगळं जमिनीवर. बाहेरून तेलाचा एक थेंब गळत नाहीये.

मिस्त्री येऊन बघून गेले, म्हणाले पंप गेला, नवीन टाका, वेळ घालवू नका. शेजारचे भाऊ म्हणतात पंपबिंप काही नाही, पिस्टनची रिंग गेलीय. दोघांनी आयुष्यभर ट्रॅक्टर हाताळलेत, दोघांचंही म्हणणं लिहून ठेवलंय. पण मॅसीचं वरचं कव्हर उतरवणं म्हणजे दिवसभराचं काम आणि दोन माणसं, त्यामुळे बाहेरून जेवढं कळेल तेवढं आधी कळून घ्यायचं, मगच उघडायचं.

७ एप्रिल

ज्यांनी हे आतून बघितलं नसेल त्यांच्यासाठी थोडं लिहितो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

या ट्रॅक्टरला हायड्रॉलिकची वेगळी टाकी नसते. गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि हायड्रॉलिक, तिघांचं तेल एकच, तीस लिटरच्या आसपास. पंप त्याच तेलात बुडालेला असतो, मागच्या हाऊसिंगच्या पोटात, आणि पीटीओच्या (मागच्या अवजारांना फिरवायची ताकद देणाऱ्या) शाफ्टवर फिरतो. गिअर पंप नाही, चार सिलेंडरचा पिस्टन पंप आहे. त्यातून उभा स्टँड पाईप वर लिफ्ट कव्हरला जातो, कव्हरच्या खालच्या अंगाला सिलेंडर बोल्टने बसवलेला असतो, त्यातला पिस्टन आतल्या दांड्याला ढकलतो, शाफ्ट फिरतो आणि दोन्ही हात वर येतात.

यातली खरी खुबी कंट्रोल वॉल्व्हची. बहुतेक मशीनमध्ये वॉल्व्ह पंपाच्या पुढे असतो, दाबाच्या बाजूला. इथे तो सक्शनला, म्हणजे तेल ओढण्याच्या बाजूला आहे. पंपाला तेल मिळू द्यायचं की नाही हेच तो ठरवतो. वॉल्व्ह एका टोकाला गेला की पंपाला तेल मिळतं आणि लिफ्ट चढते, मधे आला की पंप फिरतो पण ओढायला तेलच नसतं आणि सिलेंडरमधलं तेल आत कोंडून राहतं, दुसऱ्या टोकाला गेला की सिलेंडरचं तेल परत हाऊसिंगमध्ये मोकळं होतं आणि लिफ्ट उतरते. शिवाय ३५ मध्ये हा वॉल्व्ह अडकून बसू नये म्हणून पंपाच्या शाफ्टवरच्या कॅमने तो सतत बारीकसा मागेपुढे हलत ठेवलाय. साठ सत्तर वर्षांपूर्वी एवढा विचार केलेला बघून मला दरवेळी आनंद होतो.

आता हात वरखाली का होतात ते बघा. लिव्हर एका जागी आहे, म्हणजे हातांनी ठराविक उंचीवर थांबायचंय. कोंडलेलं तेल कुठूनतरी निसटतं, हात खाली येतात, आतली लिंकेज (हात आणि वॉल्व्ह जोडणाऱ्या दांड्या) ते ओळखते, वॉल्व्ह उघडते, पंप परत भरतो, हात वर जातात. म्हणजे कंट्रोल आपलं काम चोख करतोय, गळती दाबाच्या बाजूला आहे. आणि गरम झाल्यावर निम्म्यावर अडकणं म्हणजे एकतर गळती पंपाच्या आवाक्याबाहेर गेलीय किंवा पंपच कमी पडतोय. एवढं कागदावर कळतं, पुढचं बघूनच कळणार.

१३ एप्रिल

सुरुवात तेलापासून. डिपस्टिक काढली तर तेल चहासारखं. दुधाळ, फिकट तपकिरी. नाना म्हणाले दोन वर्षांपूर्वी तर बदललं होतं. वर्षं किती झाली ते महत्त्वाचं नाही, पाणी शिरलं की नवं तेलही महिन्यात असं होतं.

पाणीच आहे ना याची खात्री करायला एक सोपी पद्धत आहे. पत्र्याचा तुकडा शेगडीवर चांगला तापवला आणि डिपस्टिकवरचा एक थेंब त्यावर सोडला. तडतड तडतड, फोडणीत ओली मोहरी पडल्यावर होतं तसं, आणि थेंब फेस धरून पसरला. मग कारच्या इंजिनाचं कोरडं तेल घेऊन तसाच थेंब टाकला, तो नुसता धुरावला, आवाज नाही. याहून स्वस्त टेस्ट नाही आणि यात फसायला जागा नाही. फक्त चष्मा लावा, तो थेंब उडतो.

पाणी कुठून आलं तेही सापडलं. गिअर लिव्हरच्या बुडाचं रबर चिरलंय आणि नेमकी त्यावरच पत्र्याची एक फट येते. म्हणजे चार महिने कोकणातला पाऊस थेंब थेंब गिअरबॉक्समध्ये. त्यात चिखलणीला मागचा निम्मा ट्रॅक्टर चिखलात असतो, पीटीओचं सील जुनं असेल तर तिथूनही ओढतो. रबर आजच काढून टाकलं, तात्पुरती ट्यूब कापून बांधलीय, पत्र्यालाही एम सील लावलंय.

१४ एप्रिल

तेल काढलं. ट्रॅक्टर रात्रभर हलवला नव्हता त्यामुळे प्लग सैल करताच आधी नुसतं पाणी आलं, चांगला तांब्याभर असेल, मग चहा, आणि शेवटी तळातला गाळ, करडा आणि लिबलिबीत. गाळात लोहचुंबक फिरवला. बारीक लोखंडी पीठ चिकटलं, ते इतक्या जुन्या गिअरबॉक्सला असायचंच, पण कीस किंवा तुकडे नाहीत. हे बघून बरं वाटलं, म्हणजे गिअर शाबूत आहेत.

मिस्त्री म्हणाले डिझेल भरून इंजिन फिरवा, धुऊन निघेल. ते मी केलं नाही. पंपाला वंगण म्हणून तेच तेल असतं, नुसत्या डिझेलवर पंप फिरवला तर त्याचे पिस्टन कोरडे घासतात. त्यापेक्षा हलकं स्वस्तातलं तेल भरलं, थोडा वेळ चालवलं, लिफ्ट वर खाली केली आणि गरम असतानाच काढून टाकलं. हे तेल वायाच जाणार, पण टेस्टिंग होईपर्यंत महागाचं तेल भरायचं नाही असं ठरवलंय.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. आमच्याकडे ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सला सर्रास ९० नंबर ओततात. या ट्रॅक्टरला ते नको. वॉल्व्ह सक्शनला आहे, पंपाला तेल ओढून घ्यावं लागतं, जाड तेल सकाळच्या वेळी ओढलंच जात नाही आणि पंप उपाशी फिरतो. ट्रान्समिशन आणि हायड्रॉलिक दोन्हीला चालणारं ट्रॅक्टरचं तेल वेगळं मिळतं, यूटीटीओ मागायचं, दुकानदार देतो.

२० एप्रिल

प्रेशर गेज लावला. लिफ्ट कव्हरच्या उजव्या अंगाला ट्रॉलीच्या जॅकसाठी तेल घ्यायचा प्लग असतो, तिथे गेज बसतो. आटे जुने, त्यामुळे महाप्याच्या एमआयडीसीत एका होजवाल्याकडे प्लग घेऊन गेलो, त्याने आटे मोजून लेथवर अडाप्टर करून दिला. शिळफाट्यावर मेट्रोच्या कामामुळे जाण्यायेण्यातच निम्मा दिवस गेला. गेज ० ते ३५० किलोचा (दर चौरस सेंटीमीटरला किलो) घेतला, म्हणजे साधारण ५००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), त्याहून लहान घेऊ नका.

आता पंपाची ताकद मोजायची तर लिफ्टला अडवावं लागतं. दोन्ही खालच्या लिंक जाड साखळीने पुढे ड्रॉबारला आवळून बांधल्या, म्हणजे हात वर जाऊच शकत नाहीत. लिव्हर वर घेतली की पंप पूर्ण जोर लावतो आणि शेवटी रिलीफ वॉल्व्ह (जास्तीचा दाब सोडून देणारा) उडतो. या ट्रॅक्टरचा रिलीफ अडीच हजार पीएसआयच्या आसपास उडायला हवा, गेजवर १७५ किलोच्या जवळपास. उडला की आतून घरघर आवाज येतो, लगेच लिव्हर खाली घ्यायची. आणि हे करताना मागे कुणीही उभं राहायचं नाही, नानांच्या नातवाला मी घरात पाठवलं. साखळी तुटली तर कुठे जाईल सांगता येत नाही.

आकडे असे आले. थंड तेलावर ११५ किलो, तिथेच थांबला, रिलीफ उडालाच नाही. तेल तापल्यावर ८० च्या खाली. पण आकड्यापेक्षा काट्याची चाल जास्त बोलकी होती. काटा थरथरत होता, आणि ती थरथर एकसारखी नव्हती, तीन झटके आणि मधे एक खाडा, तीन झटके आणि एक खाडा. पंपाला चार सिलेंडर आहेत. एक सिलेंडर तेल टाकतच नसेल तर काटा असाच चालणार. आणि इंजिन बंद केल्यावर काटा दोन तीन सेकंदात शून्यावर, म्हणजे पंप थांबल्यावरही दाब कुठूनतरी पळतोय.

मिस्त्रींना फोन करून सांगितलं, ते म्हणाले मग झालं की, पंप. भाऊंना सांगितलं, ते म्हणाले बंद केल्यावर बसतंय म्हणजे पिस्टन. मला वाटतं दोघंही बरोबर आहेत आणि दुखणी दोन आहेत.

२७ एप्रिल

आज बाजूचं कव्हर काढून आत बघितलं. आधी तेल एवढं कमी केलं की कव्हरच्या तोंडाखाली राहील. कव्हर काढलं, मग इंजिन सुरू करून कल्टिव्हेटर उचलून घेतला, लिव्हर तिथेच ठेवली, इंजिन बंद आणि लगेच टॉर्च आत. इंजिन बंद असल्यामुळे आत शिंतोडे नसतात, जे ठिबकतंय ते स्वच्छ दिसतं. भार टांगलेला असतो म्हणून कल्टिव्हेटरखाली लाकडी ओंडके ठेवले होते आणि हात आत घालायचा नाही हे ठरलेलं. बोटाने गळती शोधायला जाऊ नये, बारीक छिद्रातून दाबाचं तेल कातडीत शिरतं आणि त्याने बोट कापायची वेळ येते. पुठ्ठ्याची पट्टी पुढे करायची, ओली झाली की कळतं.

बघायचं काय? तेल वरून सिलेंडरच्या उघड्या तोंडातून येत असेल तर पिस्टनचं सील. स्टँड पाईपच्या टोकाशी ओलं असेल तर तिथल्या ओ रिंगा. खाली पंपावरून फुरफुरत असेल तर रिलीफ किंवा पंपाचे वॉल्व्ह.

सिलेंडरच्या तोंडातून तेलाची सलग धार पडत होती, काडीएवढी. स्टँड पाईपच्या खालच्या टोकाशीही थेंब थेंब. रिलीफ मात्र कोरडा. नानांना टॉर्च दिला, त्यांनी वाकून बघितलं, आणि बराच वेळ बघतच राहिले. इतकी वर्षं हा ट्रॅक्टर चालवला पण आत पहिल्यांदाच बघतोय म्हणाले.

आता वरचं कव्हर उतरवायला कारण आहे.

१ मे

महाराष्ट्र दिनाची सुट्टी, सगळे घरी, म्हणून आजच कव्हर काढलं. मिस्त्री आले, भाऊ आले, माझा मेहुणा डोंबिवलीहून आला. तीन पाईपांचं तिकाटणं उभं केलं आणि वर चेन ब्लॉक टांगला.

क्रम महत्त्वाचा. सीट काढली, लिफ्टचे हात खाली, लिफ्ट रॉड सोडले. मग स्टँड पाईप आधी वर ओढून काढायचा, तो राहिला आणि कव्हर उचललं तर पाईप वाकतो नाहीतर पंपाचं तोंड फुटतं. बाजूचं रिस्पॉन्सच्या लिव्हरचं कव्हर काढून आतली उभी दांडी मोकळी झालीय ना हे हाताने चाचपून घेतलं. मग बोल्ट, आणि कव्हर सरळ वर, तिरकं नाही. मिस्त्रींचा हात यात फार साफ आहे, साखळी कुठे बांधली की कव्हर समतोल उठेल हे त्यांनी नुसतं बघून सांगितलं आणि ते तसंच उठलं. उलटं करून दोन जुन्या टायरवर ठेवलं.

सिलेंडर सोडवून पिस्टन बाहेर काढला. पिस्टनला एक ओ रिंग आणि तिच्या मागे बॅकअप रिंग. ओ रिंग हातात घेतली तर रबर नाही, लाकूड. गोल राहिलीच नव्हती, एका बाजूने चपटी झालेली, आणि वाकवताच तिचे दोन तुकडे झाले. बॅकअप रिंगला एका जागी चिरा. बॅकअप रिंगचं काम हेच की दाबाने ओ रिंग फटीत ढकलली जाऊ नये, म्हणून ती नेहमी दाबाच्या उलट बाजूला बसते. ही तशीच बसलेली होती, म्हणजे आधी ज्याने कुणी काम केलं त्याने व्यवस्थित केलं होतं, फक्त वय झालं.

सिलेंडरच्या आत उभ्या रेघा आहेत, पण नख फक्त एका रेघेत अडकतं आणि तीही अगदी तोंडाजवळ. बाकीच्या नुसत्या दिसतात, नखाला लागत नाहीत. बाजारात नवा सिलेंडर पिस्टन सेट मिळतो आणि भाऊंचं मत तोच टाकावा असं होतं. माझं मत, ओरिजिनल कास्टिंग जोपर्यंत होनिंगने (आतून हलकं घासून) साफ होतंय तोपर्यंत फेकायचं नाही.

पंपही लगेच काढला. पीटीओचा शाफ्ट मागे ओढून घेतला, हाऊसिंगच्या दोन्ही बाजूंनी पंपाला धरणाऱ्या पिना असतात त्या काढल्या, पंप वरच्या तोंडातून बाहेर. सक्शनच्या जाळीवर करड्या गाळाचा थर, निम्मी भोकं बुजलेली. कंट्रोल वॉल्व्ह मात्र बोटाने सरळ सरकतो, कुठेही अडत नाही.

३ मे

सिलेंडर वागळे इस्टेटला नेला, तिथे होनिंग करणारे अजून आहेत. कारागिराने बोअर गेज घालून तीन ठिकाणी माप घेतलं, वर, मधे, खाली, आणि दोन दिशांना. म्हणाला गोल आहे, घासण्याजोगं आहे. हलकाच हात मारला, तोंडाजवळची रेघ गेली नाही पूर्ण पण नख अडकायचं बंद झालं. तिथपर्यंत सील जातच नाही, त्यामुळे चालेल. घरी आणून गरम पाणी आणि साबणाने घासून धुतला, कारण होनिंगची पूड नुसत्या डिझेलने निघत नाही, आणि ती आत राहिली तर सगळं सील पुन्हा खाऊन टाकेल. धुऊन लगेच पुसला आणि तेल लावून ठेवला.

१० मे

नागदेवी. मशीद बंदरला उतरून चालत. ओ रिंग, ऑइल सील, गास्केट, बेअरिंग यासाठी मुंबईत मला याहून चांगली जागा माहीत नाही. एका ठिकाणी रेडिमेड किट होतं, मॅसी १०३५ मॉडेलचं, जे बहुतेक जुन्या ३५ ला चालतं, पण मी किटवर विसंबून राहिलो नाही. खोबणीची मापं घरून घेऊन गेलो होतो, बोअरचा व्यास, खोबणीची खोली आणि रुंदी. दुकानातल्या म्हाताऱ्या काकांनी कागद वाचला, चष्मा कपाळावर सरकवला, मागच्या खणातून तीन पुड्या काढल्या आणि प्रत्येक रिंग शंकूवर सरकवून माप दाखवलं. मग स्वतःच म्हणाले, दाब किती? सांगितलं. म्हणाले मग ७० शोअर (रबराचा कडकपणा) नको, ९० घ्या, नायट्राईल रबरच घ्या, व्हायटॉनचे पैसे घालू नका, तुमच्या तेलाला आणि तापमानाला नायट्राईल पुष्कळ झालं. बॅकअप रिंग टेफ्लॉनची दिली, आणि बसवताना गरम तेलात टाकून मऊ करून बसवा, ताणून नको, हेही सांगितलं. दोनशे रुपयाच्या आतलं गिऱ्हाईक, पण माणसाने वेळ दिला. स्टँड पाईपच्या ओ रिंगा, पीटीओचं सील आणि गिअर लिव्हरचं रबर तिथेच मिळालं.

१७ मे

पंप उघडला. टेबलवर स्वच्छ पांढरा कपडा, चार वाट्या, प्रत्येक सिलेंडरचे पार्ट वेगळे, कुठला कुठे होता ते खडूने लिहिलं. पहिले तीन ठीक, रिंगा झिजल्यात पण तुटल्या नाहीत. चौथ्याच्या वॉल्व्हमध्ये सगळं सापडलं. स्प्रिंग गंजून मधेच तुटलेली, आणि वॉल्व्हच्या बसण्याच्या जागेवर गंजाचे खड्डे, भिंगातून बघितलं तर अर्ध्या गोलावर खडबडीत. म्हणजे पावसाळ्यानंतर ट्रॅक्टर उभा राहिला तेव्हा पाणी तळाला बसलं, पंपाचा तेवढा भाग त्या पाण्यात राहिला आणि गंजला. काट्याचा तो खाडा म्हणजे हाच.

पूर्ण पंप नवीन घ्यायची गरज नाही, हे मिस्त्रींना भिंगातून दाखवलं आणि त्यांनीही मान्य केलं. कल्याणला ट्रॅक्टर स्पेअरच्या दुकानात वॉल्व्हचा पूर्ण सेट, स्प्रिंगा आणि पिस्टनच्या रिंगा मिळाल्या. चारही बाजूंचे वॉल्व्ह बदलले, एकच बदलून तीन जुने ठेवण्यात अर्थ नाही. जाळी ब्रशने आणि रॉकेलने साफ केली, भोकं उजेडाला धरून बघितली.

२५ मे

जोडणी. पंप आत, पिना, पीटीओ शाफ्ट नवीन सीलसकट. पिस्टन बसवताना ओ रिंगेला भरपूर तेल आणि तोंडाशी कुठे धार राहिली नाही ना हे बोट फिरवून बघितलं, कारण नवी रिंग कापली जाते ती नेहमी बसवतानाच. कव्हर खाली घेताना आतली उभी दांडी वॉल्व्हच्या जागी नीट बसतेय का हे मेहुण्याने बाजूच्या तोंडातून टॉर्चने बघितलं आणि मी चेन ब्लॉक सोडत गेलो. शेवटी स्टँड पाईप नव्या ओ रिंगांवर, दाबून, ठक असा आवाज येईपर्यंत.

टॉप लिंकच्या (अवजाराला वरून धरणाऱ्या दांड्याच्या) मागची मोठी स्प्रिंगही तपासली. तिला मागेपुढे ढिलाई अजिबात नको, असेल तर ड्राफ्ट कंट्रोल (नांगरावरच्या ओढीप्रमाणे लिफ्ट आपोआप वरखाली करणारी रचना) उशिरा प्रतिसाद देतो आणि नांगर खोल वर खोल वर होत राहतो. आमच्या स्प्रिंगेला हाताला जाणवेल इतका खेळ होता. क्लेव्हिस फिरवून तो काढला आणि लॉक स्क्रू आवळला.

३१ मे

नवीन तेल भरलं. लिफ्ट रिकामी असतानाच बऱ्याच वेळा वर खाली केली म्हणजे हवा निघून जाते. मग साखळी बांधून गेज. १७० ला रिलीफ उडाला, घरघर आली, लिव्हर खाली. काटा एकसारखा थरथरतो, खाडा नाही. ट्रॅक्टर तापवून परत घेतलं, १६५. नाना गेजकडे बघत होते, त्यांना आकड्याचं काही नव्हतं, म्हणाले कल्टिव्हेटर लाव.

लावला. उचलला, आणि थांबला. हात हलत नाहीत. इंजिन बंद केलं, थांबलो, बसत नाही. जमिनीपासून दात्यापर्यंत काठी उभी करून खडूने खूण केली आणि घरी जेवायला गेलो. संध्याकाळी बघितलं तर खुणेच्या खाली बोटभर. रात्रभर मात्र टांगून ठेवला नाही, उभ्या ट्रॅक्टरची लिफ्ट नेहमी खाली ठेवायची, कुणी पोर खाली खेळायला गेलं तर काय.

एक सेटिंग राहिलं होतं तेही केलं. लिव्हर सगळ्यात वर नेली की हात वरच्या टोकाला आपटून रिलीफ उडत होता. आतली पोझिशनची (हात ठराविक उंचीवर थांबवणारी) लिंकेज थोडी मागे घेतली, आता हात टोकाच्या जरा आधी थांबतात आणि पंप शांत होतो. हे न केलेले कितीतरी मॅसी मी बघितलेत, लिफ्ट वर केली की कण्हत असतात आणि मालकाला वाटतं असंच असतं. तसं नसतं, त्याने पंप तापतो आणि रिलीफची स्प्रिंग थकते.

१५ जून

पहिला चांगला पाऊस झाला, वाफसा आला, आणि वरच्या तुकड्यात नांगर लावला. दोन फाळी. आता परीक्षा पोझिशन कंट्रोलची नाही, ड्राफ्टची.

हॅरी फर्ग्युसन आयर्लंडचा, शेतकऱ्याचाच मुलगा, १९२६ साली त्याने या कल्पनेचं पेटंट घेतलं. त्याच्या आधी नांगर ट्रॅक्टरच्या मागे नुसता ओढला जायचा, आणि नांगर कुठे अडकला तर पुढची चाकं उचलून ट्रॅक्टर मागे उलटायचा, माणसं मरायची. त्याने नांगर तीन ठिकाणी ट्रॅक्टरलाच जोडला. नांगर खोल गेला की वरची टॉप लिंक ट्रॅक्टरवर पुढे दाबते, त्या मोठ्या स्प्रिंगेला ढकलते, स्प्रिंग कंट्रोल वॉल्व्ह हलवते आणि नांगर आपोआप जरासा वर येतो. माती हलकी लागली की परत खाली. आणि नांगराचा भार मागच्या चाकांवर येतो, त्यामुळे हलका ट्रॅक्टरही घसरत नाही. १९४६ ते १९५६ या काळात कोव्हेंट्रीला पाच लाखांहून जास्त फर्ग्युसन टीई २० बनले ते याच रचनेवर, आमचा ३५ त्याच्या पुढची पिढी, आणि आज रस्त्यावर दिसणाऱ्या कुठल्याही कंपनीच्या ट्रॅक्टरच्या मागे तीच तीन टोकं आहेत.

नाना सीटवर बसले, मी बांधावरून टॉप लिंककडे बघत चाललो. जिथे गेल्या वर्षी जेसीबी उभा होता ती जमीन दगडासारखी झालीय, तिथे नांगर आला की लिफ्टचे हात दोन बोटं वर आले, इंजिन जराही दबलं नाही, आणि पुढे मऊ जमीन आली की हात परत खाली. नानांनी लिव्हरला हातही लावला नव्हता. नांगराचा तास संपल्यावर वळताना ओरडून म्हणाले, बघतोस ना रे, आपला आपण करतोय. मी बघत होतो.

६ जुलै

चिखलणी झाली खालच्या दोन्ही खाचरांची, केज व्हील (चिखलासाठीची लोखंडी पिंजऱ्याची चाकं) लावून. तापलेल्या तेलावर दिवसभर चालला, लिफ्ट कुठेही अडली नाही. भाऊंनी त्यांच्या तुकड्यासाठी उद्या मागितलाय, नाना देणार आहेत.

आज रात्रभर ट्रॅक्टर उभा राहिल्यावर सकाळी खालचा प्लग जरासा सैल करून वाटीभर तेल काढलं आणि पत्र्यावर थेंब टाकून बघितला. तडतडला नाही. चिखलणी पूर्ण संपली की परत बघणार, आणि थोडं जरी तडतडलं तरी तेल लगेच बदलायचं, पावसाळा संपायची वाट बघायची नाही, पंपाचा वॉल्व्ह पाण्यात उभं राहूनच गेला होता.

राहिलेली कामं: लिफ्ट शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या बुशांना खेळ आहे, तिथून पुढेमागे तेल पाझरायला लागेल, ते भात कापणीनंतर. उजवा लिफ्ट रॉड आट्यांवर झिजलाय, लेव्हलिंगचं हँडल फिरवताना निसटतं, तो या आठवड्यात कल्याणहून आणायचा. पडवीचा पत्रा पूर्ण बदलायचा, एम सील एक पावसाळा टिकेल, दुसरा नाही.